पहिल्या सीटवरची आई

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ती जागा मी कोरी सोडली आहे.

तू टायरवाल्या मित्राच्या माळ्यावर लपला आहेस हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस. मी तिच्या माहेरी गेले, तिच्यासमोर खुर्ची टाकली आणि ती सांगेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाले. तिची आई हातात पेला घेऊन उभी, मी तोंड मिटून बसलेली. शेवटी ती रडली आणि बोलली. निम्म्या गावाला विमानात बसवणारा माणूस आज टायरांच्या वर चटई टाकून झोपतो हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझा फोन बंद आहे, म्हणून हे रजिस्टर पत्र.

गुरुवारी विमान कंपनी बुडाली, शुक्रवारी सकाळी तुझ्या ऑफिसचं शटर खाली. वर तुझ्या सुंदर अक्षरात कागद: 'तांत्रिक कारणामुळे कार्यालय काही दिवस बंद राहील.' यात तंत्र कुठलं ते मला समजावून सांग. त्या एकाच कंपनीत तू अख्ख्या हंगामाच्या सीटा स्वस्त मिळतात म्हणून आगाऊ घेऊन ठेवल्यास. ती बुडाली, मागोमाग तू बुडालास. एवढं सरळ आहे. पण सरळ लिहिलं तर तू 'साहेब' कसला!

लोक येतात, शटर बडवतात, मग शेजारची माझी लॉन्ड्री उघडी दिसते. तुझ्या ऑफिसची आणि माझ्या दुकानाची भिंत एकच, हे आता मला जन्मभर पुरणार आहे. "तुम्ही त्यांच्या बहीण ना?" इथून सुरुवात होते. काल एक बाई काउंटरवर दोन्ही हात आपटून म्हणाली, "मुलीचं लग्न झालं की आम्ही दोघं कुठेतरी जाऊ, असं बारा वर्षं म्हणत होतो. आता कुठे जाऊ ते सांगा." हातात इस्त्री होती, ती उभी करून ठेवली आणि ऐकून घेतलं. तुझे भावजी मागच्या खोलीत मशीन उगाच चालू करून बसले होते, आवाज येऊ नये म्हणून.

आता मुद्द्याचं. आई कुठे आहे, आठवतं का?

बाबा गेल्यावर ती घरात एकटी कुढते म्हणून तू तिला एका सहलीला घेऊन गेलास. चांगलं केलंस, तेव्हाही म्हणाले होते. मग लोकच विचारायला लागले, "यावेळी आई आहेत ना?" कोणाला उलटी झाली तर आई, कोणाचं नवऱ्याशी बिनसलं तर आई. तुझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. पत्रकावर तिचा फोटो आला. बसमध्ये पहिली सीट तिची, विमानात पहिली रांग तिची, मांडीवर ती तपकिरी पर्स. आणि एखादा शहाणा विचारायचा, "समजा कंपनी बुडाली, तर आमच्या पैशाचं काय? काही संरक्षण आहे का?" तेव्हा तू फोटोकडे बोट दाखवायचास आणि म्हणायचास, "अहो, बुडणाऱ्या नावेत कोणी स्वतःच्या आईला बसवतं का?" लोक हसायचे आणि पैसे भरायचे. भिंतीपलीकडून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की इस्त्री करता करता मीही तुझ्याबरोबर म्हणायचे.

तर बसवलंस तू. ती आत्ता समुद्रापलीकडच्या त्या बेटावर, तुझ्या सहलीच्या लोकांबरोबर अडकली आहे. परतीचं विमान त्या बुडालेल्या कंपनीचं, त्यामुळे ते नाहीच. हॉटेलचे पैसे तू दिलेले नाहीस, म्हणून मॅनेजर दारात खुर्ची टाकून बसला आहे. आईने फोनवर मला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस, तो करेल काहीतरी." तू काय करतो आहेस ते मी तिला सांगितलेलं नाही.

प्रवासी संरक्षण निधी नावाचं काही असतं एवढं मलाही माहीत आहे. प्रत्येक माणसामागे तुम्ही कंपन्या त्यात थोडी फी भरता आणि कंपनी बुडाली तर निधी लोकांना घरी आणतो. तू ती भरली असशील यावर माझा काडीचा विश्वास नाही. भरली असतीस तर आईचा फोटो कशाला लागला असता? तरी पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात जाऊन येते. तोपर्यंत जिना उतर आणि निदान आईला फोन कर.

तुझी ताई
(हे बदलता येत नाही)


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र पोचल्याची पावती आली. त्यावर तुझीच सही. म्हणजे हात शाबूत आहे. पावती मी गल्ल्यात ठेवली आहे, कशासाठी ते विचारू नकोस.

आणि मागोमाग तुझी चिठ्ठी. 'ताई, घाई करू नकोस. एक मोठी पार्टी कंपनीत पैसे घालायला तयार आहे. कंपनी बंद झाली असं एकदा लिहून दिलं की परवाना जाईल, पुन्हा या धंद्यात मला कोणी उभं करणार नाही. आईला सगळं समजतं.' सुंभ जळला तरी पीळ जात नाही! कुठली पार्टी रे, टायरवाल्याच्या माळ्यावर येऊन पैसे घालणार आहे? आणि आईला समजतं म्हणजे काय? तिला समजतं म्हणून तिने सोसायचं, हा हिशेब तुला लहानपणापासून पाठ आहे. काच तू फोडायचास, ती म्हणायची वाऱ्याने फुटली.

तिथली बातमी ऐक. ज्यांच्या खिशात होतं त्यांनी खोलीचे पैसे स्वतः पुन्हा भरले, दुसऱ्या विमानाची तिकिटं काढली आणि आले निघून. त्यातला एकजण विमानतळावरून थेट माझ्या दुकानात आला, बॅग हातात. तुझा तो निळा सूट धुऊन हँगरला लावलेला होता, पिशवीवर तुझं नाव. त्याने तो काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "हे व्याज." मी अडवलं नाही. त्याला तो आखूड होणार आहे, पण ते मी सांगितलं नाही. तुझे दोन शर्ट अजून आहेत, कोणी आलं तर देऊन टाकीन.

उरलेत ते म्हातारे, आणि ज्यांनी साठवून साठवून एकदाच जायचं ठरवलं होतं ते. त्यांच्या खोल्यांना कुलपं लावली, सामान आत. सगळे आता जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या जोडून झोपतात. ते निवृत्त हेडमास्तर आहेत ना, तुला "कंपनी बुडाली तर?" असं दोनदा विचारणारे, त्यांच्या हृदयाच्या गोळ्या बंद खोलीत राहिल्या. आई मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन बसली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" ही म्हणाली, "ज्याने तुमचे पैसे बुडवले त्याची आई. आता माझ्याशी बोला." भाषा एकमेकांची धड येत नाही, तरी अर्ध्या तासात गोळ्या मिळाल्या. हे मला हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं. आईने सांगितलं असतं तर मॅनेजर फार चांगला आहे असं सांगितलं असतं.

मी तिला म्हटलं, तुझं एकटीचं तिकीट मी काढते, तू ये. म्हणाली, "आणि यांना काय सांगू? माझ्या तोंडाकडे बघून आलेत हे लोक." मी म्हटलं, तुझ्या मुलाने तसं सांगितलं असेल, तू नाही. तर म्हणते, "फोटो काढताना मी पदर नीट केला होता ना? मग झालं."

 याच्यावर तुला काही बोलता येत असेल तर तिला फोन कर. अजून केलेला नाहीस हे ती लपवते, पण मला कळतं, कारण तुझं नाव निघालं की ती हवेबद्दल बोलायला लागते.

आणि हो, ती परत आल्यावर माझ्याकडे राहील असं मनात आणू नकोस. माझ्याकडे जागा नाही. मागची खोली गठ्ठ्यांनी भरली आहे.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा उठले.

निधीच्या कार्यालयात गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट बंद, बाकावर तुझीच गिऱ्हाइकं. मला बघून एकाने तोंड फिरवलं. खिडकीत एक बाई, चष्मा डोक्यावर, खोकला झालेली. मी आधीच गुरगुरत होते. म्हटलं, "माझ्या भावाची कंपनी. त्याने कोणाचीच फी भरलेली नसणार, तेवढं तोंडावर सांगा म्हणजे मी जाते." तिने कंपनीचं नाव घातलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भरली आहे की. सगळ्यांची. वेळेवर."

मी तिला परत बघायला लावलं. तिने परत बघितलं. भरली होती. विमानं उडत होती तेव्हाही, आणि शेवटच्या महिन्यात तुझ्या ऑफिसचं वीजबिल थकलं होतं तेव्हाही. तू लोकांना फोटो दाखवत होतास आणि गुपचूप फीही भरत होतास. असला उलटा माणूस मी पाहिला नाही. भरतोस तर सांगायचं ना! की आईचा फोटो जास्त खपतो?

ते असो. मी तुला चोर समजत होते आणि तू चोर नाहीस. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

मग मी आनंदात म्हटलं, "म्हणजे आमची आई पण येईल." बाईने नाव विचारलं. शोधलं. पुन्हा शोधलं. म्हणाली, "या नावाचं कोणी नाही."

मी म्हटलं, "अहो असं कसं, ती पहिल्या सीटवर असते!"

"सीट आम्हाला दिसत नाही हो," ती म्हणाली, "फी भरलेली माणसं दिसतात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. परक्या माणसांची एकेकाची फी भरलीस. एक आई सोडलीस. किती वाचले रे? तुझ्या पत्रकाच्या गुळगुळीत कागदाचे दोन गठ्ठेसुद्धा आले नसते तेवढ्यात. घरचंच माणूस, तिला कशाला, असं म्हणाला असशील. किंवा काही म्हणालाही नसशील, विचारच केला नसशील, आणि मला तेच जास्त डाचतं. ज्या बाईकडे बोट दाखवून तू सगळ्यांना निर्धास्त केलंस, तेवढी एकच बाई उघड्यावर.

आता नीट वाच, कारण पुढचं रागात लिहिलेलं नाही. निधी त्या लोकांना आणायला तयार आहे. हॉटेलचं त्यांचं बिलही देईल. ज्यांची सहल अजून व्हायची होती त्यांचे पैसे परत करील. पण कंपनी बंद झाली असं मालकाने लिहून दिलं तरच. नाहीतर ते कोर्टाने ठरवायचं, आणि त्याला पाच-सहा महिने. मी म्हटलं, शटरला कुलूप, मालक माळ्यावर, आणखी काय बंद व्हायचं राहिलं? बाई म्हणाली, "कागदावर तुमची कंपनी अजून चालू आहे. चालू कंपनीच्या प्रवाशांना आम्ही कसं आणणार?"

म्हणजे ते म्हातारे खुर्च्यांवर झोपतात ते विमान कंपनीमुळे नाही. तुझ्या 'काही दिवस बंद राहील' या चार शब्दांमुळे झोपतात.

सोबत तो कागद पाठवते आहे. खाली पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे सही कर. तुझी कंपनी मेली आहे, धाकट्या. मेलेल्याला मेला म्हणायला लाज कसली? तू पुन्हा उभा राहशील की नाही ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला त्याची फारशी पडलेलीही नाही. हेडमास्तरांच्या गोळ्या मंगळवारपर्यंत पुरतील एवढ्याच आहेत.

आईचं नाव यादीत नाही हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

ताई


४ मार्च

धाकट्या,

कागद आला. सही होती. सोबत एक ओळही नाही, पण सही होती. मी तो रिक्षाने नेऊन त्या खोकणाऱ्या बाईच्या हातात दिला. ती म्हणाली, "झालं, आता आमचं काम." आणि केलं त्यांनी, हे मान्य केलं पाहिजे. तीन दिवसांत माणसं घरी आली. तुला शाबासकी हवी असेल तर टायरवाल्याकडून घे.

काल हेडमास्तर दुकानात आले. मी कंबर कसून उभी राहिले, म्हटलं आता हेही दोन शर्ट घेऊन जाणार. ते बाकावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "तुमच्या आई मागे राहिल्या."

मला ठाऊक होतं. तरी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हटलं, सगळं सांगा.

बस न्यायला आली तेव्हा निधीच्या माणसाने एकेकाचं नाव वाचलं. आई पर्स घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी. सवय! नावं संपली. आईचं आलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "मी म्हटलं, यांचं राहिलं, या आमच्याबरोबरच्या. तो माणूस गोंधळला. तर तुमच्या आईच म्हणाल्या, मी प्रवासी नाही, मी कंपनीचं माणूस, माझं विमान वेगळं आहे. आणि बसच्या दाराशी उभ्या राहून आम्हाला चढवत होत्या. पायरी सांभाळा म्हणत होत्या." मग त्या सगळ्यांनी बसमध्ये वर्गणी काढली, आईच्या तिकिटासाठी. तू बुडवलेल्या लोकांनी! आईने ती परत केली. म्हणाली, "माझा मुलगा येणार आहे न्यायला, त्याला काय वाटेल?"

त्याला काय वाटेल. मला ते वाक्य ऐकून तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

संध्याकाळी तिला फोन लावला. मनात होतं ओरडायचं. तिने मला संधीच दिली नाही. म्हणाली, "बरं झालं तूच केलास. चारही कोपऱ्यांना इलास्टिक असलेली चादर असते ना, तिची घडी कशी घालतात?"

मी म्हटलं, काय?

मॅनेजर खोलीचे पैसे मागायचा थांबला आहे, कारण ही त्यांच्या कपड्यांच्या खोलीत जाऊन बसते. चादरी, टॉवेल, टेबलावरचे कपडे, सगळ्याच्या घड्या. माझी आई! लोकांना ओळख करून देताना म्हणायची, "मुलगा विमानाचं बघतो," आणि मग आवाज खाली आणून, "मुलगी आपली लॉन्ड्री चालवते." दुसऱ्यांचे मळके कपडे म्हणून नाक मुरडणारी. लग्नानंतर मी दुकान टाकलं तेव्हा महिनाभर पायरी चढली नव्हती. ती आता मला घडी विचारते आहे. मी सांगितलं तिला. एका कोपऱ्यात हात घालायचा, शेजारचा कोपरा त्याच्यावर उलटा चढवायचा, मग उरलेले दोन. ती तिकडे करत होती, मी इकडे फोन खांद्याला अडकवून हवेत हात फिरवत होते. तुझे भावजी बघत राहिले. जमल्यावर म्हणाली, "अगं, हे तर तू रोज करतेस." मी म्हटलं, हो, वीस वर्षं करते. ती म्हणाली, "कधी सांगितलं नाहीस." तू कधी विचारलंस, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

यादीचंही तिने आपणच काढलं. म्हणते, "माझं नाव घालू नको असं मीच त्याला सांगितलं होतं. उगाच खर्च." खरं असेल तर तू मूर्ख, तिचं ऐकलंस. खोटं असेल तर ती मूर्ख, अजून काचा वाऱ्यानेच फुटतात तिच्या. तुझी बायको म्हणते, तू तिला विचारलंच नव्हतंस.

मग ती हळूच म्हणाली, "त्याचं काही आलं?"

"कागद आला सहीचा. आणि पत्रांच्या पावत्या येतात."

"सही कशी आहे?"

"सही कशी असते? वाकडी."

"वाकडी म्हणजे घाईची, की हात थरथरल्यासारखी?"

मी म्हटलं, घाईची. बघून सांगते म्हणाले असते तर तिला झोप लागली नसती.

मी उद्या निघते आहे. दुकान चार दिवस बंद. शटरवर कागद लावला आहे: 'आईला आणायला जात आहे.' तांत्रिक कारण वगैरे काही नाही. मागच्या खोलीतले गठ्ठे वर टाकले, तेही तिथे पडून कुबट वास धरत होते म्हणून.

तू येणार असशील तर बेटावर ये. हॉटेलचं नाव तुला माहीत आहे. पैसे बुडवले आहेस त्यांचे, विसरला नसशील.

ताई


१६ मार्च

अनेक आशीर्वाद.

वरचे दोन शब्द आईचे आहेत, अक्षर ओळखशील. माझे धरू नकोस. माझी जागा अजून कोरीच आहे.

आणलं तिला. मी हॉटेलात शिरले तर मॅनेजर उठून उभा राहिला. मला मागच्या जिन्याने खाली घेऊन गेला. वाफेने भरलेली खोली, आई स्टुलावर, पुढ्यात चादरींची चळत, कडा अशा जुळलेल्या की माझ्या दुकानातही तशा नसतात. मला बघून ती आधी माझ्या मागे बघायला लागली. जिन्याकडे. मी म्हटलं, "एकटीच आले आहे." तेव्हा तिने हातातली घडी पुरी केली, चळतीवर ठेवली, आणि मग उठली.

बिल मी चुकतं केलं. तिला सांगितलं की पैसे तू पाठवलेस, तिकीटही तूच काढलंस, अचानक कामात अडकलास म्हणून मला पाठवलंस. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी खोटं बोलले, तेही सराव नसताना. तिने मान हलवली, मॅनेजरला नमस्कार केला, पर्स उचलली.

विमानात आमच्या सीटा अगदी शेवटच्या रांगेत, संडासाला लागून. तेवढंच परवडत होतं. आई आत शिरली आणि सवयीने पहिल्याच रांगेशी थांबली. तिथे कोणी तरुण बसला होता, त्याने वर बघितलं. मी तिचा दंड धरून मागे नेलं. सगळं विमान ओलांडून. ती बसली, पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. समोरच्या सीटच्या पाठीवर हात टेकवला. मग म्हणाली, "हे तिकीट तू काढलंस."

मी माझा पट्टा ओढून घट्ट केला.

"त्याने काढलं असतं तर पहिल्या रांगेतलं असतं."

ऐकलंस? अजून! वीस दिवस खुर्चीवर झोपून, परक्यांच्या चादरींच्या घड्या घालून, तिच्या लेखी तू पहिल्या रांगेचं तिकीट काढणारा मुलगा, आणि मी शेवटच्या रांगेची मुलगी. मी चिडले. तिला म्हटलं, तोंडावर म्हटलं, "त्याने तुझी फीच भरली नव्हती, आणि पहिली रांग त्याने जाहिरातीसाठी दिली होती तुला." आजूबाजूचे बघायला लागले. आई म्हणाली, "माहीत आहे मला. हळू बोल." आणि मग माझा हात धरला. विमान वर जाताना तिला भीती वाटते. इतक्या सहली केल्या, पण पहिल्या सीटवर असं कोणाचा हात धरता येत नव्हता म्हणाली, सगळे मागून बघत असायचे.

ती आता माझ्याकडे आहे. जागा केली. सकाळी काउंटरवर बसते. तुझी उरलेली गिऱ्हाइकं येतात, तिला बघून आधी दचकतात, मग तोंडात येईल ते बोलतात, आणि ती ऐकून घेते. बोलून झालं की सांगते, निधीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आहे, पैसे भरल्याचा कागद घेऊन जा, खोकणाऱ्या बाईंना विचारा. बारा वर्षंवाल्या त्या बाईंचे पैसे परवा परत आले. त्या सांगायला आल्या आणि जाताना आईला म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही." आई म्हणाली, "असू द्या थोडा." घडी ती माझ्यापेक्षा सरस घालते आणि ते मला ऐकवतेही.

आता खरं ते लिहिते, तू ते वाचून फुशारणार हे माहीत असूनही.

तुला रजिस्टर पत्रं मी शिव्या द्यायला पाठवत नव्हते. शिव्या साध्या पोस्टानेही गेल्या असत्या. पहिल्या दिवशीच, त्या हॉटेलातून, आईने मला सांगितलं होतं, "त्याला असं पत्र पाठव की घेताना त्याला सही करावी लागेल. म्हणजे तो आहे एवढं तरी कळेल." फोन बंद करून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल तिच्या मनात काय येत होतं ते तिने बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. आल्या आल्या तिने गल्ल्यातल्या पावत्या मागितल्या. काउंटरच्या काचेखाली ओळीने लावल्या आहेत. रोज सकाळी काच पुसते आणि बघते. पहिली सही नीट आहे. दुसरी पाघळली आहे. तिसरीत तुझ्या नावाचं शेवटचं अक्षरच नाही. मी तिला घाईची म्हणून सांगितलं होतं, पण तिला डोळे आहेत.

आणि चौथी पावती परवा आली. तिच्यावर टायरवाल्याची सही आहे.

ती आईने काचेखाली लावली नाही. हातात घेऊन बसून राहिली. दुपारी जेवली नाही. मी टायरवाल्याला फोन केला, तर तो म्हणतो, "आहे हो, वरच आहे, खाली येत नाही, म्हणून मी घेतलं." आईला तसं सांगितलं. तिचा विश्वास बसत नाही. मी खोटं बोलायला लागले आहे हे तिने विमानात पाहिलं आहे ना.

माझा राग कमी झालेला नाही. तुझ्या बाजूला मी कधी नव्हते आणि आजही नाही. तुझे दोन शर्ट अजून हँगरला आहेत, ते कोणाला दिले नाहीत, त्याचा भलता अर्थ काढू नकोस. या पाकिटाच्या बाहेर मी लाल शाईने लिहिलं आहे, पोस्टमनलाही वाचता येईल एवढं मोठं: 'ज्याचे त्याच्याच हाती द्यावे.' आतलं वाचायचं नसेल तर वाचू नकोस, टायरखाली टाक. पण जिना उतर, पेन घे आणि पूर्ण नाव लिही, शेवटच्या अक्षरासकट.

ताई